बिनफितीची कॅसेट

रविवार उजाडला, चहा झाला आणि मी ओसरीवर पोतं अंथरून बसलो की आमच्या घरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "झालं! बसले बघा दुकान मांडून." हे वाक्य आमच्या घरच्या आयुष्मतींचं. दुकान म्हणजे काय, तर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा. त्यात सोल्डरिंग आयर्न, कथलाची तार, दाढीचं ब्लेड, कापूस, स्पिरिटची बाटली, दोन बारीक पेचकस आणि नऊ मेलेले कॅसेट अडॅप्टर. आठवडाभर कचेरीत आवक-जावकच्या नोंदी करणारा, सायंकाळी वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देणारा माणूस रविवारी असा पोरखेळ का करतो, हे चळवळीतल्या मित्रांनाही पडलेलं कोडं आहे. एकानं तर तोंडावर विचारलं, "अहो, भंगारात घालायच्या वस्तूंवर वेळ घालवता, त्यापेक्षा अभ्यासिकेत एक तास जास्त बसा की!" त्याचं म्हणणं खोटं नाही. अभ्यासिकेत मी बसतोच. पण या डब्याला एक कारण आहे. ते आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वाचकहो, तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा अडॅप्टर पाहिलाही नसेल. दिसायला ही हुबेहूब कॅसेट. तीच लांबी-रुंदी, तीच दोन दातेरी भोकं. फक्त आत फीत नाही आणि कडेतून एक काळी वायर बाहेर आलेली, तिच्या टोकाला इअरफोनची असते तशी पिन. पिन मोबाईलमध्ये घालायची, कॅसेट गाडीच्या टेपमध्ये सरकवायची, की मोबाईलमधलं गाणं टेपच्या स्पीकरवर वाजू लागतं. आमच्या भागातल्या जुन्या जीपांमधून अशी वायर लोंबताना मी कितीदा पाहिली आहे.

आता फीत नसताना टेप वाजतो कसा? टेपमध्ये एक हेड असतं. फितीवर आवाज चुंबकाच्या रूपानं उमटवलेला असतो आणि फीत हेडवरून सरकली की त्या बदलत्या चुंबकत्वामुळे हेडमधल्या तारेच्या वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. तोच मोठा केला की गाणं. अडॅप्टरच्या पोटात फितीऐवजी दुसरं एक छोटं हेड बसवलेलं असतं, पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर. ते टेपच्या हेडला तोंडाला तोंड लावून उभं राहतं. मोबाईलमधला प्रवाह याच्या वेटोळ्यात फिरतो, फटीपाशी चुंबकत्व कमी-जास्त होतं आणि समोरच्या हेडला वाटतं, फीतच चालली आहे. दोघांत एक तारसुद्धा जोडलेली नाही. मी बी.कॉम. माणूस, विज्ञान दहावीपर्यंतचं. पण हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

दुसरी गंमत चाकांची. टेपला फीत संपल्याचं कळतं ते चाक फिरायचं थांबलं की. म्हणून टेपला फसवायला अडॅप्टरमध्ये दातेरी चक्रं घातलेली असतात, एक भोक फिरलं की दुसरंही फिरतं. ही चक्रं झिजली की कर्रकर्र आवाज येतो, आणि एखादा दात तुटला तर टेप दर दहा सेकंदांनी अडॅप्टर बाहेर थुंकतो.

बाकी आजार नेहमीचेच. दहांतले सात वायरीचे. वायर खोक्यातून जिथं बाहेर पडते तिथं, नाहीतर पिनेच्या मानेत तुटते. मग एका बाजूचा स्पीकर मुका. वायर सोलली की आत केसाएवढ्या तांब्याच्या तारा, त्यांना लाल-हिरवा रंग दिलेला आणि मध्ये सुताचे धागे. नवख्या माणसाला वाटतं, तार उघडी झाली, आता डाग मारावा. डाग बसतच नाही, कारण तो रंग म्हणजेच तारेवरचं आवरण. ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायचं, किंवा गरम कथलाच्या थेंबात टोक धरून आवरण जाळायचं. हेडची स्प्रिंग मऊ पडली असेल तर आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा येतो. तिला नखानं थोडा बाक द्यायचा. फार दिला तर स्प्रिंग मोडते. माझ्या डब्यातल्या नऊपैकी दोघांचा जीव माझ्याच नखानं गेला आहे.

हे मी शिकलो ते हिंगोलीत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. कॉलेजात होतो तेव्हा दुपारनंतर तिथं बसायचो. आमचा जिल्हा तेव्हा नुकताच परभणीतून वेगळा झाला होता, १ मे १९९९ ला. दुकानाचे चाचा वयानं मोठे, चष्म्याला दोरा बांधलेला. हाताखाली घेतल्यावर त्यांनी महिनाभर मला फक्त हेड पुसायला लावली. पेचकस उचलला की म्हणायचे, "पहले कान लगा, बाद में पेच लगा." दिवसाला चहा आणि दहा रुपये. त्या दहा रुपयांनी माझी बी.कॉम.ची शेवटची दोन वर्षं तारली.

त्या दुकानात आमच्या वस्त्यांतल्या कॅसेटी ढिगानं यायच्या. आज कुणाला पटणार नाही, पण आमच्या पिढीला बाबासाहेबांचा विचार पुस्तकातून भेटण्याआधी कॅसेटमधून भेटला. पुस्तक वाचायला अक्षर ओळख लागते. माझ्या आजीला ती नव्हती. पण वामनदादा कर्डकांची गाणी तिला पाठ होती. वामनदादा गावोगाव फिरून गायचे, तरी प्रत्येक खेड्यात किती पोहोचणार? कॅसेट पोहोचली. प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज, विठ्ठल उमपांची फेक, पुढं आनंद-मिलिंद शिंद्यांची जोडी. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरला गेलेला माणूस येताना पुस्तकांबरोबर दोन कॅसेटी आणणारच. गुलशनकुमारच्या टी-सीरिजनं १९८० नंतरच्या दशकात कॅसेटी स्वस्त केल्या आणि गाणं मोठ्या कंपन्यांच्या मुठीतून सुटलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकानं १९९३ साली यावर इंग्रजीत एक ग्रंथच लिहिला, 'कॅसेट कल्चर' नावाचा. त्यात उत्तर हिंदुस्थानची कहाणी आहे. आमच्या वस्तीची कहाणी एवढीच की एका घरी टेप आणि वीस घरचे कान.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ सालीच गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅसेटीही गेल्या. आता जयंतीला डीजे असतो. छाती धडधडते, शब्द कळत नाहीत. असो, तो विषय वेगळा.

मूळ कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मांडली. लू ओटेन्स नावाचे डच इंजिनिअर तिचे जनक. माप ठरवायला त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी ते वारले, तेव्हा मी पेपरातली बातमी कापून डब्यात ठेवली. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सगळ्या जगात एकच माप. म्हणून तर कुठंही बनलेला अडॅप्टर कळमनुरीच्या जीपमध्ये चालतो.

आता कारण सांगतो.

आमचे बाबा पूर्णा-खंडवा मीटरगेज लाईनवर गँगमन होते. एका बोनसला त्यांनी टू-इन-वन घेतला, रेडिओ आणि टेप एकत्र. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षं लोकांनी मार खाल्ला, घरं जळाली, माणसं गेली, त्यानंतरचा हा दिवस. आजी अंगणात जात्यावर तुरीची डाळ भरडत होती. समोर आमची आत्याबाई, माहेरी आलेली. पिठाची गिरणी गावात कधीच आली होती, पण डाळ अजून जात्यावरच निघायची. बातमी कळली आणि आजीनं ओवी धरली. ठरवून नाही, खुंटा हातात होता म्हणून. बाबांनी धावत जाऊन टू-इन-वन आणला, कोरी कॅसेट घातली आणि लाल बटण दाबलं. साठ मिनिटांची कॅसेट. एक बाजू भरली, दुसरीही थोडी भरली. मग बाबांनी चाकूच्या टोकानं कॅसेटच्या मागच्या दोन्ही खुट्ट्या मोडल्या. खुट्टी मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

जात्यावरच्या ओव्यांचं मोल पुढं फार मोठ्या लोकांनी ओळखलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात ध्वनिमुद्रित आहेत. आमच्या आजीच्या अंगणात कुणी अभ्यासक आला नव्हता. तिचं सगळं धन त्या एका कॅसेटमध्ये.

मी तेव्हा पंधरा वर्षांचा. पुढच्या वर्षी 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला आणि रेडिओवर दिवसरात्र तीच गाणी. मला ती भरून घ्यायची होती. कोऱ्या कॅसेटला पंचवीस-तीस रुपये पडत, ते कुठून आणू? मोडक्या खुट्टीच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला, वर चिकटपट्टी लावली. टेप फसला. लाल बटण दाबलं गेलं. वीस मिनिटं भरली. आजी काय, ती तर घरातच आहे, पुन्हा गाईल, एवढंच डोक्यात.

आजी १९९६ च्या पावसाळ्यात गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे परतले, आत्याबाईही सासरी गेल्या. रात्री बाबांनी पेटीतून कॅसेट काढली. मी दारातच उभा होतो. पळून जावंसं वाटत होतं, पाय निघेनात. बाबांनी बटण दाबलं आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं. ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही. बटण दाबून थांबवलं, कॅसेट पालटली आणि दुसरी बाजू लावली. जात्याची घरघर ऐकू आली, मग आजीचा आवाज. दहा मिनिटांनी तोही संपला. बाबांनी कॅसेट पांढऱ्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. २०११ साली ते जाईपर्यंत त्या विषयावर आमच्यात एक शब्दही झाला नाही. मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटलं.

पेटी माझ्याकडे आली तेव्हा टू-इन-वन मेलेला होता. बेल्टचं डांबर झालेलं, हेड झिजून त्यावर बोट लावलं तर खाच लागेल असं. बेल्ट मिळाला, हेड मिळेना. चाचा वारले होते, दुकानाच्या जागी मोबाईल रिचार्ज. वस्तीत दुसरा चालू टेप नाही, सगळे भंगारवाल्यानं किलोवर नेलेले. आमच्या गल्लीतल्या एका पोराच्या जुन्या जीपमध्ये टेप होता खरा. आधी प्रल्हाद शिंद्यांची एक कॅसेट त्यात घालून पाहिली, तर त्यानं चार हात फीत गिळली. रबरी रोलर दगड झालेला. तिथं अडॅप्टर चालतो, कारण त्यात फीतच नसते. आजीची कॅसेट त्या तोंडात द्यायची माझी छाती झाली नाही.

तो पोरगा मोडका अडॅप्टर घेऊन आला, "काका, बघा काही होतं का" म्हणून. मी खोललं. चक्रं गेलेली, वायर गेलेली, पण पोटातलं हेड आरशासारखं. आणि एकदम लक्षात आलं, हेही हेडच की! समोरच्या हेडला ऐकवणारं. मग ते ऐकणार नाही कशावरून?

पोराला दुसरा अडॅप्टर दुरुस्त करून दिला आणि तो मोडका मागून घेतला. त्या कामाला चार रविवार गेले. अडॅप्टरच्या हेडला पेच मारायला कान नसतात. जुन्या हेडची पत्र्याची बैठक काढून नव्याला अराल्डाइटनं चिकटवली, पहिल्यांदा वाकडी, मग उकलून पुन्हा. हे हेड स्टिरिओ, दोन वेटोळ्यांचं. आमचा टू-इन-वन एकाच वेटोळ्याचा. दोन्हींच्या तारा एकत्र जोडल्या. पहिल्यांदा एक टाकाऊ कॅसेट घातली. आवाज आला, पण बारीक आणि गढूळ. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवरचा छोटा पेच असतो, तो फिरवला की हेड केसभर कलतं. फटीची रेघ फितीला अगदी काटकोनात आली पाहिजे, नाहीतर बारीक आवाज बुडतात. चाचांचं वाक्य आठवलं. कान लावला. पाव फेरा, उलट पाव फेरा. मग आजीची कॅसेट घातली आणि पेच पुन्हा किंचित फिरवला. घरघरीतून आधी बांगड्या वर आल्या. मग आजीचे शब्द, एकेक करून, जणू माती झटकून. आयुष्मती स्वयंपाकघरातून येऊन दारात उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्या दुकानाबद्दल काही बोलल्या नाहीत.

रात्री गल्ली निजल्यावर मोबाईल स्पीकरजवळ धरून ते भरून घेतलं. पहिल्या बाजूची शेवटची दहा मिनिटं आणि दुसरीची दहा. एके ठिकाणी आमच्या गल्लीतलं कुत्रं भुंकलेलं आहे. ते आता राहणार.

मागच्या हिवाळ्यात आत्याबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नांदेडला न्यायचं होतं. त्यांचं गाव कळमनुरी तालुक्यात. त्याच पोराची जीप केली. बाळापूर मागं पडलं, तेव्हा मी मोबाईलला पिन लावली आणि अडॅप्टर आत सरकवला. आत्याबाई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या. घरघर सुरू झाली तशा ताठ झाल्या. "माय हाय," म्हणाल्या. मग बांगड्या वाजल्या तर स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "ह्या मव्ह्या बांगड्या. खुंट्याला मव्हा हात हुता." वीस मिनिटं त्या हलल्या नाहीत. संपल्यावर विचारलं, "मव्ही ववी कुठाय रं? मायनं पयल्यांदा बाबासायबाची घेतली, मग मव्ही घेतली हुती. लेकीची."

जीपवाल्या पोरासमोर मी सांगितलं. बोळा, चिकटपट्टी, लाल बटण, सगळं. एकतीस वर्षं होत आली होती.

त्या बराच वेळ बाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुव्हा बाप तर मला म्हनला हुता, मशीनमंदी फीत अडकून तुटली. मव्ह्याच हातून तुटली, म्हनला."

मला काही बोलता आलं नाही. वारंगा फाट्याला पोरानं गाडी बाजूला घेतली. तिथली खिचडी आमच्या भागात प्रसिद्ध, कढईतून वाफा निघत होत्या. पोरगा उतरायला लागला तर आत्याबाईंनी त्याला बसवलं. "बंद कर तुव्हं इंजन," म्हणाल्या. आणि मांडीवर हाताची मूठ गोल फिरवत आजीची ओवी धरली. आवाज थकलेला, पण चाल तीच. मी घाईघाईनं मोबाईल पुढं केला. दोन ओव्या पूर्ण आल्या. तिसरी अर्ध्यात थांबली. "पुढलं याद येईना," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आन् तू भरलं काय हुतंस रं तिथं?"

मी सिनेमाचं नाव सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. खिचडी खाताना पुन्हा एकदा हसल्या.

ऑपरेशन ठीक झालं. परतताना काळा चष्मा लावलेल्या आत्याबाईंना आजीचंच पुन्हा ऐकायचं होतं. अर्धापूरच्या पुढं डाव्या बाजूचा स्पीकर मुका झाला. वायर पिनेच्या मानेत तुटली होती, नेहमीसारखीच. उजव्या बाजूच्या एकाच स्पीकरवर घरापर्यंत आलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पोरगा सकाळीच अडॅप्टर घेऊन ओसरीवर हजर. आत चहा चालला होता. मी म्हटलं, ठेव डब्यात, संध्याकाळी ये. आणि येताना वायर जरा लांब आण, मागच्या सीटपर्यंत पुरेल अशी.